गच्चीवरचा हीट पंप, दीड वर्षानंतर
नागपुरात पाणी तापवायचा २०० लिटरचा हीट पंप लावून दीड वर्ष झालं, मस्त वस्तू आहे भाऊ! एवढं पाणी २० वरून ५० डिग्रीवर न्यायला साध्या गीझरला ७ युनिट लागतात, हा हवेतली उष्णता ओढतो म्हणून अडीचमध्ये काम होते. पण डिसेंबरात वेगळ्या मीटरवर रोजचे ५ युनिट दिसायला लागले, काहून म्हणून पाहतो तर बॅकअपची रॉड (गीझरसारखी थेट विजेवर पाणी तापवणारी) चालूच अन् कॉइलच्या जाळीत धूळ गच्च, सर्व्हिसवाला म्हणे गॅस भरा, मी जाळी धुतली, रॉड बंद केली, सेटिंग ६० चं ५० केलं अन् तीनवर आलं. थंडीत थोडं जास्त खाणारच. आवाज कूलरपेक्षा कमी, तरी बेडरूमच्या खिडकीजवळ नका लावू.