रणगाड्यावरचा चिखल: घरचं मिश्रण, ॲक्रिलिक पेस्ट की इनॅमल?

रणगाड्याचं मॉडेल जोडून, रंगवून, डेकल (चिकटवायची चिन्हं-आकडे) लावून झालं की चिखलाची पाळी येते, आणि तिथे बहुतेकांचा हात थबकतो. वाटा तीन आहेत: पिगमेंटची म्हणजे कोरड्या रंगद्रव्याची पूड आणि प्लास्टर घरी कालवून केलेलं मिश्रण, डबीतून थेट लावायची ॲक्रिलिक पेस्ट, आणि इनॅमलमधले, म्हणजे पाण्याऐवजी थिनरने पातळ होणारे, चिखलाचे रंग. चिखल तिन्हींनी होतो. पण सुकून भेगाळलेला पोपडा एकाने चांगला जमतो, जाड लपके दुसऱ्याने आणि ताजे शिंतोडे तिसऱ्याने. त्यामुळे डबी विकत घेण्याआधी हे ठरवा की तुमच्या गाडीवरचा चिखल किती जुना आहे.

त्याआधी मापाचा हिशोब करून घ्या. १:३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या मॉडेलवर, १ मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर. १:७२ मध्ये सात सेंटिमीटरच्याही वर. टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याचा, चाकांभोवती फिरणारा पट्टा ५०० मिमी रुंद, म्हणजे १:३५ मध्ये जेमतेम १४ मिमी. त्यावरचा ३ मिमीचा लपका हे खऱ्यात दहा सेंटिमीटरचं ढेकूळ असतं. पट्ट्यांच्या वर, फेंडरच्या (पट्ट्यावरच्या पत्र्याच्या) खाली ते शोभतं. टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, अजिबात नाही. मातीच वापरायची म्हणून चाळून घेतली तरी अर्ध्या मिमीचा कण १:३५ मध्ये पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. पिगमेंटची पूड सगळ्यांना हवीशी वाटते ती तिच्या बारीकपणामुळे.

घरी कालवलेलं मिश्रण

पिगमेंट, थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस, बांधून ठेवायला ॲक्रिलिक मॅट मीडियम (चमक न येणारा बिनरंगी द्रव) आणि लागेल तसं पाणी. मला जाड थरासाठी अजूनही हेच सगळ्यात आवडतं, कारण रंग, दाटपणा, कणांचा खरखरीतपणा सगळं आपल्या हातात राहतं. तळाला घट्ट गोळा दाबून बसवायचा, वर तेच मिश्रण पातळ करून फिरवायचं, ओलं असतानाच कोरडी पूड भुरभुरायची आणि सुकलेल्या गवताचे बारीक कापलेले तंतू टोचायचे. सुकल्यावर जी खडबडीत, मॅट खपली येते ती तयार पेस्टमध्ये सहसा मिळत नाही.

त्रास दोन आहेत. प्लास्टर पांढरं असल्याने सुकल्यावर रंग बराच फिका पडतो. ओल्या मिश्रणाचा रंग बघून ठरवलंत तर फसाल. टाकाऊ प्लास्टिकच्या तुकड्यावर लावून पूर्ण सुकू द्या, मगच मॉडेलला हात लावा. दुसरं, ते लवकर घट्ट होतं आणि ठिसूळ असतं. किटमधले पट्टे लवचिक व्हिनाइलचे असतील तर ते वाकवताना सगळं तडकून गळतं. आधी पट्टे चढवा, हवे तिथे चिकटवा, मगच चिखल. पूड आणि प्लास्टर दोन्ही हवेत उडतात, तेव्हा मास्क हवाच.

ॲक्रिलिक पेस्ट

वायेहो, एके इंटरॅक्टिव्ह, अॅमो या कंपन्यांच्या डब्या सगळीकडे दिसतात. तामियाकडेही चिखलाच्या रंगाची वेदरिंग स्टिक (मळकटपणा दाखवायची कांडी) आहे. पेस्टची मोठी सोय ही की वास नगण्य, ब्रश पाण्याने धुता येतो, खालच्या रंगाला धोका नाही आणि सुकलेला थर थोडा लवचिक राहतो. बंद खोलीत काम करणाऱ्याला, घरात लहान मुलं असणाऱ्याला मी डोळे झाकून हेच सुचवेन.

पण सुकली की सुकली. पेस्ट धरल्यावर ती पुसून घेता येत नाही, खरवडायला गेलं तर खालचा रंगही जातो. शिवाय एकाच डबीतून सगळीकडे लावली तर रंग आणि पोत इतका एकसारखा येतो की गाडी चिखलात बुडवून काढल्यासारखी वाटते. यावर उपाय सोपा: जवळच्या दोन-तीन छटांची पूड पेस्टमध्ये मिसळा, आणि सुकल्यावर उंचवट्यांवर फिकी पूड बोटाने चोळा. जाड थर सुकताना आकसतो, म्हणून एका दमात देण्यापेक्षा दोन वेळा द्या.

इनॅमल

शिंतोडे, ओघळ, तेलकट ओलावा यांत इनॅमलच्या जवळपास बाकीचे दोन्ही येत नाहीत. कारण साधं आहे: व्हाइट स्पिरिट किंवा बिनवासाच्या थिनरने भिजवलेला ब्रश फिरवला की लावलेलं मऊ होतं, कडा विरघळतात, नको ते पुसलं जातं. लगेच नाही जमलं तर काही तासांनीही बऱ्याच अंशी दुरुस्त होतं. हात अजून बसलेला नाही त्याच्यासाठी ही मोठी सवलत आहे.

तिची किंमतही आहे. खालचा रंग इनॅमलचाच असेल तर थिनर तोही उचलतो, आणि ॲक्रिलिक असेल तर त्यावर क्लिअर कोट (पारदर्शक थर) देऊन पूर्ण सुकू द्यायला हवा. थिनरचं डबकं साचू देऊ नका. चाकांचे दांडे, पट्ट्यांचे जोड अशा ताण असलेल्या भागांत ते मुरलं की स्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, ठिसूळ होऊन तडकतं. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. जाड थर मात्र इनॅमलने करू नये. वरून साय धरते आणि आत दिवसेंदिवस ओलं राहतं.

शिंतोड्यांसाठी ब्रश मिश्रणात बुडवून बराचसा टिपून घ्या, केस टूथपिकवर ओढून सोडा. आधी कागदावर उडवून बघा, मग गाडीवर, आणि टरेट कागदाने झाकून. दिशा पट्टा जसा चिखल फेकतो तशीच हवी: खालून वर आणि मागे.

साहित्य कुठलंही घ्या, चिखल कुठे नसतो याकडे त्याहून जास्त लक्ष द्या. एक चाक जवळून बघा. रबराची धाव पट्ट्यावर सतत घासते, म्हणून तिच्यावर चिखल टिकत नाही. पट्ट्याचे मार्गदर्शक दात चाकाच्या ज्या बाजूला घासतात तिथे धातू चकाकतो. चिखल साठतो तो तबकडीच्या खोलगट भागात, बोल्टांच्या भोवती, आणि बाहेरच्या कडेपर्यंत जाता जाता पातळ होत जातो. पट्ट्याचा जमिनीला टेकणारा उंचवटा स्वच्छ, खाचा भरलेल्या. हे एवढं पाळलं तरी साधी पेस्टसुद्धा खरी वाटते.

जर्मन टायगर रणगाड्यासारखी एकमेकांत गुंतलेली चाकं असतील तर क्रमच बदलावा लागतो. खऱ्या टायगरच्या या चाकांमध्ये चिखल ठासून बसायचा आणि थंडीत गोठून चाकं जखडायची. मॉडेलवर तो ठासलेला चिखल दाखवायचा तर आतल्या रांगेला आणि हलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) बाजूला तो आधीच लावा, बाहेरची चाकं नंतर चढवा. इथे घरचं मिश्रण किंवा पेस्ट. इनॅमल त्या खोबणीत सुकणारच नाही.

रंगाचं संशोधनही आधी करा. ऑक्टोबर १९४१ च्या पूर्व (जर्मनी-सोव्हिएत) आघाडीवरची गाडी असेल तर गडद, काळपट माती शोभते. उत्तर आफ्रिका म्हटलं की सगळे धूळच लावतात, पण १९४२ च्या डिसेंबरात ट्युनिशियात पावसाने इतका चिखल झाला होता की दोस्त सैन्याची आगेकूच अडकली. त्या काळातली गाडी निवडलीत तर चिखल लावायला भरपूर आधार आहे.

आता निवड. १:३५ ची पहिलीच चिखलाळ गाडी असेल आणि एकच वस्तू घ्यायची असेल तर ॲक्रिलिक पेस्ट, सोबत तिच्यापेक्षा फिकी पूड. दोन-तीन मॉडेलं झाली असतील आणि हवा खेळणारी जागा असेल तर खालच्या भागाला घरचं मिश्रण, वर इनॅमलचे शिंतोडे. या जोडीला माझ्या मते तोड नाही, आणि क्रम हाच ठेवा, कारण प्लास्टरच्या खपलीत इनॅमल झिरपून ती ठिकठिकाणी गडद होते आणि ओल-सुकं आपोआप दिसतं. ताज्या चिखलाची चमक हवी तर ग्लॉस वॉर्निश फक्त खड्ड्यांत, सर्वात जाड लपक्यांच्या मधोमध लावा. कडा मॅटच ठेवा.

१:७२ साठी पेस्ट आणि प्लास्टर दोन्ही बाजूला ठेवा. तिथे पूड आणि अगदी पातळ इनॅमल पुरतं. शिंतोडा दिसेल न दिसेल इतका असावा.