जेवणाची मोजदाद: आठवणीवर विसंबायचं की नोंदवहीवर?

कुटुंबाच्या उपभोग पाहणीची प्रश्नावली आखताना सगळ्यात जास्त खल होतो तो खाण्याच्या पानावर. मार्ग मुख्यतः दोन. गेल्या काही दिवसांत काय खाल्लं ते आठवून सांगायला लावायचं, नाहीतर घरात वही ठेवून रोजच्या रोज लिहून घ्यायचं. निवड वाटते तेवढी किरकोळ नाही. टांझानियात २००७-०८ मध्ये सुमारे ४,००० कुटुंबांवर प्रयोग झाला. त्याच गावांतल्या घरांना आठ वेगवेगळ्या पद्धती वाटून दिल्या आणि पद्धतीगणिक उपभोगावरून काढलेलं गरिबीचं प्रमाण पार बदललं. गावं तीच, विचारण्याची तऱ्हा तेवढी वेगळी.

त्या प्रयोगात खाण्याचा आकडा सर्वांत मोठा आला तो प्रत्येक माणसाला वेगळी वही देऊन, प्रगणकांनी वारंवार डोकावून घेतलेल्या नोंदींत. मग वहीच का घेऊ नये? कारण त्या आकड्यामागे वहीइतकीच देखरेखही होती. वही देऊन प्रगणक पंधरा दिवसांनी उगवला, तर काय मिळतं ते पान उघडताच कळतं: चौदाही दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीतल्या अक्षरात. ही वहीच्या वेषातली आठवणच, आणि पैसे मात्र वहीचे मोजलेले. लिहिता-वाचता न येणाऱ्या घरात तर रोज कुणीतरी जायलाच हवं. तेवढं मनुष्यबळ असेल तरच वहीच्या वाटेला जावं.

नसेल, तर आठवण बरी. पण किती दिवसांची? तीस दिवस मागे गेलं की किरकोळ खाणं निसटतं. मुदत आखूड केली की उलटी अडचण येते, आधीच्या आठवड्यातली खरेदीही अलीकडची वाटून आत शिरते. तरी रोजच्या जिन्नसांसाठी सात दिवस मला योग्य वाटतात. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक बँक यांच्या ज्या मार्गदर्शक सूचनांना संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१८ मध्ये मान्यता दिली, त्यांचा कलही तिकडेच आहे. ‘साधारण महिन्यात किती लागतं?’ हा प्रश्न मात्र टाळाच. त्यात उत्तर देणाऱ्याला मनातल्या मनात सरासरी काढावी लागते. जिन्नसांची यादीही वेळ वाचवण्यासाठी फार आखडू नका. जे नाव घेऊन विचारलं नाही, ते बहुतेक सांगितलंच जात नाही.

खरा घोळ पुढे आहे, आणि तो दोन्ही पद्धतींत सारखाच. घरात शिजलं किती हे कळलं, पण जेवलं कोण? पाच माणसांचं घर, दिवसाला तीन जेवणं, म्हणजे आठवड्याची १०५. दोन मुलं सहा दिवस दुपारी शाळेत जेवली, १२ वजा. कमावता माणूस सहा दुपारी बाहेर जेवला, आणखी ६ वजा. दोन पाहुणे तीन दिवस दोन्ही वेळा होते, १२ अधिक. घरातल्या अन्नावर झालेली जेवणं ९९. १०५ ने भागलं तर एका जेवणाचं माप जवळपास सहा टक्क्यांनी कमी भरतं.

ही चूक सगळीकडे सारखी असती तर चाललं असतं. पण सधन घरात पाहुणे आणि कामाला येणारी माणसंही जेवतात, गरीब घरातली माणसं कामाच्या ठिकाणी जेवून येतात. वरच्यांचं खाणं आहे त्याहून जास्त दिसतं, खालच्यांचं कमी, आणि दोघांमधली दरी फुगते. म्हणून कुणी किती जेवणं घरी केली, किती बाहेर, विकत की फुकट, आणि बाहेरचं कोण जेवून गेलं, एवढे रकाने कुठल्याही पद्धतीत हवेतच. बाहेरच्या खाण्याचं प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतंत्र विचारा. स्वयंपाक करणारी बाई घरातल्या डब्यांचा हिशेब अचूक सांगेल, पण थोरल्या मुलाने बाहेर काय खाल्लं हे तिला कुठून ठाऊक असणार?

जुन्या पाहण्यांची मालिका हाताशी असेल, तर बदल आणखी जपून करा. भारतात राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत खाण्यासाठी सात आणि तीस दिवस, दोन्ही मुदती एकाच घराला शेजारशेजारच्या रकान्यांत विचारल्या. एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम झाल्याची शंका आली, आधीच्या फेऱ्यांशी तुलना अडली आणि गरिबी किती घटली यावर वर्षानुवर्षं वाद झाला. पद्धत बदलायचीच असेल तर निम्म्या नमुन्याला जुनी प्रश्नावली द्या, निम्म्याला नवी. एकाच घराला दोन्ही देऊ नका.