व्हायोलिन पुन्हा हाती घेताना: उभ्याने की मांडी घालून?

लहानपणी सुटलेलं व्हायोलिन चाळिशीत पुन्हा शिकायचं, तर दोन वाटा आहेत. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य खांदा आणि हनुवटीमध्ये धरायचं. तारा जी, डी, ए, ई. हिंदुस्थानी बैठकीत एक टोक उजव्या घोट्याजवळ टेकतं, दुसरं छातीशी; तारा बहुधा सा आणि प यांतच मिळवलेल्या.

खरा फरक डाव्या हातात. बैठकीत वाद्याचा भार पायावर गेल्याने तो मोकळा होतो, लांब मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) सहज घेता येते. हिंदुस्थानी व्हायोलिनवादक एन. राजम यांचं गायकी अंगाचं, म्हणजे गाण्यासारखं, वादन ऐका, लगेच पटेल. पाश्चात्त्य धरणीत डावा हात वरच्या सुरांच्या जागेवरून खाली आणताना वाद्य डगमगू नये म्हणून हनुवटी दाबली जाते आणि मोठ्या वयात मान तिथेच आखडते. मात्र नोटेशन वाचून ऑर्केस्ट्रात वाजवायचं असेल, तर हीच वाट. गुडघे दुखत असल्याने मांडी घालता येत नसेल, तेव्हाही हीच.

गज दोन्हीकडे तितकाच अवघड: मोकळ्या तारेवर, घोडीला (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीला) समांतर, पूर्ण लांबीचा, सावकाश. इथे घाई नको. कान रागसंगीतावर वाढला असेल तर मी बैठकच सुचवेन. तंबोरा लावला की बेसूर बोट आपलं आपल्यालाच कळतं.