धंतोलीतील रविवारचे माहितीपट

नागपूरच्या धंतोलीतील एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एका रविवारी माहितीपट दाखवला जातो. प्रवेशशुल्क पन्नास रुपये, खुर्च्या चाळीसेक. आतापर्यंतचे चारही खेळ मी पाहिले. त्यांपैकी दोहोंविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण स्वातंत्र्य माणसाच्या हातून कसे निसटते हे त्या दोन दुपारी मला जितके जवळून दिसले, तितके स्वातंत्र्यदिनाच्या कोणत्याही भाषणातून कधी दिसले नव्हते.

पहिला होता आनंद पटवर्धन यांचा १९७८ सालचा 'जमीर के बंदी'. तो आणीबाणीतील राजकीय कैद्यांविषयी आहे, पण आणीबाणीपाशीच थांबत नाही. असे कैदी तिच्यापूर्वीही होते आणि ती उठल्यानंतरही राहिले, हे तो ठामपणे मांडतो. आयोजकांनी सुरुवातीला पाच मिनिटे जी माहिती दिली, तिच्यामुळे तो आमच्यासाठी एकदम घरचा झाला. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसालाही न्यायालयात दाद मागता येते, असे मानणाऱ्या उच्च न्यायालयांमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सारे निकाल फिरवले आणि पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या ह. रा. खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले. खेळ संपल्यावर मागच्या रांगेतील एक वृद्ध मिसाबंदी, म्हणजे आणीबाणीत मिसा कायद्याखाली तुरुंगात राहिलेले गृहस्थ, उठून उभे राहिले. घरून येणारे पत्र आधी फोडून वाचले जाई, म्हणून त्यांच्या पत्नीने पत्रात मुलांच्या अभ्यासापलीकडे काही लिहायचेच सोडून दिले होते, एवढेच त्यांनी सांगितले. बोलताना त्यांच्या हातातली टोपी त्यांनी सारखी उलटसुलट केली. चर्चेला कोणी तज्ज्ञ वक्ता न बोलावता प्रेक्षकांनाच बोलू देण्याची ही पद्धत मला या उपक्रमातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

दुसरा, पटवर्धन यांचाच 'जय भीम कॉम्रेड', मे महिन्यात दाखवला गेला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. बातमी चार दिवसांत शिळी होते, पण हा कॅमेरा चौदा वर्षे त्या वस्तीत आणि त्या शाहिरीच्या मागे फिरत राहिला. गोळीबाराबद्दल पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा व्हायला २००९ साल उजाडावे लागले आणि पुढे त्याला जामीनही मिळाला. उत्तरार्धात कबीर कला मंच या सांस्कृतिक पथकाचे तरुण कलावंत डफ घेऊन गाताना दिसतात आणि मग त्यांनाच भूमिगत व्हावे लागते. गाणे म्हणणे ही इतकी साधी गोष्ट आहे, की तिच्यासाठी परवानगी लागते हे कळेपर्यंत ती आपल्याकडे आहे याची जाणीवही नसते. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतून आलेल्या काही बायका भीमगीतांच्या ओळी पडद्याबरोबर हलक्या आवाजात म्हणत होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी ज्या गावात आहे, तिथे हा माहितीपट पाहणे आणि मुंबईच्या सभागृहात पाहणे एकच नाही.

आता तक्रारींविषयी. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय बसणे अशक्य, पण त्या खोलीतील कूलर सुरू असताना मुलाखतींमधील दबक्या आवाजात बोलणाऱ्या माणसांचे शब्द विरून जात होते. रमाबाई नगरातील एक आई बोलू लागली तेव्हा समोरच्या ओळीतील एका मुलाने उठून स्वतःच कूलर बंद केला. पुढची वीस मिनिटे आम्ही सगळे घामाने निथळत बसलो आणि कोणीही तो परत सुरू करायला सांगितले नाही. एकच स्पीकर आहे, तोही पडद्याच्या डाव्या अंगाला, त्यामुळे उजवीकडे बसणाऱ्यांना डफाचा ठेका ऐकू येतो आणि शब्द निसटतात. डावीकडच्या मधल्या रांगा निवडाव्यात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तीन तासांहून अधिक बसणे ज्येष्ठांना जड जाते, तेव्हा घरून उशी आणलेली बरी. चहा चांगला असतो.

सर्वांत खटकलेली गोष्ट मध्यंतराची. ते घड्याळ पाहून एका गाण्याच्या ऐन मध्यावर केले गेले आणि चहानंतर तिथूनच पुढे सुरू झाले, तोवर गाण्याचा जीव गेला होता. आयोजकांनी माहितीपट आधी एकदा स्वतः पाहून थांबण्याची जागा ठरवावी, आणि दुसरा एक स्पीकर आणावा. त्यासाठी शुल्क शंभर रुपये केले तरी मी दर महिन्याला आनंदाने देईन.