एल क्लासिको की लिव्हरपूल-युनायटेड?

जगाला विचाराल तर फुटबॉलमध्ये एल क्लासिकोच, म्हणजे स्पेनमधली रेआल माद्रिद-बार्सिलोना लढतच मोठी. माझं मत मात्र इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर युनायटेडला.

रेआल माद्रिद-बार्सिलोनात खेळ सरस असतो, हे मान्यच. नोव्हेंबर 2005 मध्ये बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्योने माद्रिदच्या घरच्या मैदानावर, बर्नाबेऊवर, दोन गोल ठोकले आणि माद्रिदच्याच प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दिलदारी म्हणून छान, पण कट्टर वैऱ्यासाठी टाळ्या? आपल्या नाही पचनी पडत. (अर्थात तिथेही सगळे साधुसंत नाहीत. बार्सा सोडून माद्रिदला गेलेल्या फिगोच्या दिशेने 2002 साली डुकराचं मुंडकं भिरकावलं गेलं होतं!)

इकडच्या वैराची मुळं थेट पोटापाण्यात. 1894 साली मँचेस्टर शिप कॅनॉल खुला झाला आणि लिव्हरपूलच्या गोदीत माल न उतरवता जहाजं सरळ मँचेस्टरला जाऊ लागली. गोदीवाल्यांच्या ताटातला घासच गेला. युनायटेडच्या बोधचिन्हावर आजही जहाज आहे, बघा नीट. 1964 मध्ये फिल चिस्नल युनायटेडमधून लिव्हरपूलला आला. त्यानंतर या दोघांत थेट एकही खेळाडू विकला गेलेला नाही. माद्रिद-बार्सात निदान फिगो तरी झाला.

ट्रॉफ्यांचं म्हणाल, तर 2025 मध्ये आम्ही लिव्हरपूलवाल्यांनी 20 वी इंग्लिश लीग जिंकून युनायटेडशी बरोबरी साधली. युरोपियन कप आमचे 6, त्यांचे 3, तिथे बोलायलाच नको.

मार्च 2023 मध्ये आमच्या घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर, आम्ही त्यांना 7-0 धुतलं. त्या मोसमात ते तिसरे आले, आम्ही पाचवे. तरी विचारा कुठल्याही लिव्हरपूलवाल्याला, त्या वर्षातलं काय आठवतं ते.