शकुंतला : अरुंद रूळ की ब्रॉडगेज?

दर्यापूर तालुक्यातील एका तरुण मित्राला निवेदन लिहायचे आहे. शकुंतलेचे, म्हणजे विदर्भातील यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद रुळांवरच्या रेल्वेचे, जुने रूळ जपण्याची मागणी करावी की ब्रॉडगेजची (रुंद रुळांची), हे त्याचे ठरत नाही.

जुन्या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, तर मूर्तिजापूरच्या मुख्य ब्रॉडगेज लाईनचे १६७६ मिलिमीटर. या फरकामुळे मुंबईकडे जाणाऱ्या कापसाच्या गाठी मूर्तिजापुरात एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवाव्या लागत, आणि ती हमाली शेवटी कास्तकाराच्याच भावातून वजा होई. ब्रॉडगेज झाल्यास हा खोळंबा संपतो. वेगाचे तर विचारूच नये : अचलपूर ते मूर्तिजापूर या सुमारे ७६ किलोमीटरांना ४ तास लागत.

खर्चात मात्र जुने रूळ स्वस्त पडतात, कारण ब्रॉडगेजसाठी पूल आणि भराव नव्याने बांधावे लागतील. १९९४ पर्यंत धावलेल्या वाफेच्या इंजिनाची आठवण मलाही प्रिय आहे, पण आठवणीवर बसून दवाखाना गाठता येत नाही.

रोजचा प्रवास आणि शेतमाल यांसाठी ब्रॉडगेजच मागावे. पर्यटनापुरता विचार असेल, तर एखादे जुने स्थानक आणि त्यालगतचा थोडा मार्ग जपणे पुरेसे आहे.