टॅब्लेट की माउस? डिझाइनच्या कामासाठी काय घ्यावं

माउस उचलून दुसरीकडे ठेवला तरी कर्सर जागचा हलत नाही. ग्राफिक्स टॅब्लेटवरचा (संगणकाला जोडायची, खास पेनने चालणारी पाटी) प्रत्येक बिंदू मात्र स्क्रीनवरच्या ठरावीक बिंदूशी बांधलेला असतो. पहिले काही दिवस हात चुकतो तो यामुळेच, आणि पुढे रेष सफाईदार येते तीही यामुळेच.

फोटो रिटचिंग, मास्किंग (फोटोतला हवा तो भाग वेगळा करणं), चित्रं, सुलेखन यांत माउस टिकत नाही. त्याला बटण दाबलंय की नाही एवढंच कळतं. पेनला दाब कळतो. (दाबाच्या पातळ्या ४०९६ की ८१९२, यासाठी जादा पैसे मोजू नका. हाताला फरक लागत नाही.) बोरूचं वळण हवं असेल तर इलस्ट्रेटरच्या कॅलिग्राफिक ब्रशमध्ये कोन ‘फिक्स्ड’ ठेवा. देवनागरीच्या बोरूचा काप रोमनच्या उलट असतो. रोमनचाच कोन ठेवलात तर जाड-बारीक भाग भलत्या जागी येतात.

कोरलड्रॉमधल्या पत्रिका, फ्लेक्स, पुस्तकाची मांडणी, तक्ते यांना माउसच बरा. नोड (रेषेचं वळण ठरवणारे बिंदू) पकडताना पेन किंचित सरकतं, डबल-क्लिक हुकतं, शिवाय टाइप करायला दर वेळी पेन खाली ठेवावं लागतं.

आकार बघून घ्या. १५२ × ९५ मिमीचा लहान टॅब्लेट २४ इंची स्क्रीनला जोडला, की हात १ सेंमी हलल्यावर कर्सर साडेतीन सेंमी पळतो. लांब रेघा मारणाऱ्यांनी २१६ × १३५ मिमीचा मध्यम घ्यावा. तिथे हेच प्रमाण अडीचपट होतं. दोन्ही टॅब्लेट रुंदी-उंचीने १६:१० आणि स्क्रीन बहुधा १६:९, त्यामुळे हाताने काढलेलं वर्तुळ सुमारे ११ टक्के रुंद उमटतं. ड्रायव्हरमध्ये (टॅब्लेटचं सॉफ्टवेअर) ‘फोर्स प्रपोर्शन्स’ चालू करा, म्हणजे टॅब्लेटचं प्रमाण स्क्रीनशी जुळतं. लहान टॅब्लेटची साडेनऊ मिमीची पट्टी वाया जाते, जाऊ द्या. दोन स्क्रीन असतील तर ड्रायव्हरमध्ये टॅब्लेट एकाच स्क्रीनशी बांधा.

विंडोजवर फोटोशॉपमध्ये दाब लागत नसेल, तर ड्रायव्हरमध्ये ‘विंडोज इंक’ (विंडोजची पेनसाठीची सोय) चालू आहे का ते आधी बघा. दुसऱ्या कंपनीचा जुना ड्रायव्हर राहिला असेल तर तो काढून मशीन रीस्टार्ट करा. पेन टेकवल्यावर गोल वलय येऊन रेष उशिरा सुटत असेल तर ‘प्रेस अँड होल्ड’ (पेन दाबून धरल्यावर राइट-क्लिक होण्याची विंडोजची सोय) बंद करा.

माउसला नसलेला एक खर्च म्हणजे निब, पेनचं बदलता येणारं टोक. खडबडीत पृष्ठभागावर ती लवकर झिजते. एका बाजूने तिरकी होऊन धार आली की लगेच बदला, नाहीतर टॅब्लेटवर चरे पडतात.